थाई वाचता येत नाही आणि ताटात दर वेळी पर्यटकांचंच जेवण येतं: समस्या निवारण

कामानिमित्त मी बँकॉकमध्ये राहतो. पुण्या-मुंबईहून मित्र, नातेवाईक येत असतात, आणि दोन दिवस बाहेर जेवून झाले की बहुतेकांचा सूर एकच असतो: "थाई जेवणाचं एवढं ऐकलं होतं, पण हे तर आपल्याकडच्या मॉलमध्ये मिळतं तसंच आहे." बिघाड दर वेळी तोच असतो आणि दुरुस्तीही जवळजवळ तीच. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहितो.

लक्षणं

- तिखट करा म्हणून सांगूनही जेवण गोडसर आणि मिळमिळीत येतं.
- इंग्रजी मेनूत पाद थाई, ग्रीन करी, अननस घातलेला फ्राइड राइस आणि स्प्रिंग रोल एवढंच दिसतं. शेजारच्या टेबलावरचे थाई लोक मात्र भलतंच काहीतरी खात असतात.
- पदार्थाचं नाव नीट उच्चारलं असं वाटतं, तरी समोर दुसराच पदार्थ येतो.
- "मांस नको" सांगितलेलं असतं, तरी भाजीत खिमा निघतो किंवा माशाचा वास येतो.
- फोनने मेनूचं भाषांतर केलं की "रडणारा वाघ" आणि "जावयाची अंडी" अशी नावं दिसतात आणि पुढे काही कळत नाही.
- कधी याच्या उलट. पहिल्या घासालाच कान गरम होतात आणि ताट तसंच राहतं.

बिघाड कुठे आहे

अडचण लिपीची आहे असं बहुतेकांना वाटतं. लिपीचा वाटा आहे, पण छोटा. थायलंडमध्ये रोजचं कितीतरी जेवण मेनू न बघताच मागवलं जातं. समोर मांडलेलं बघून बोट दाखवायचं, किंवा दुकानात एकच पदार्थ मिळतो म्हणून नुसतं "एक द्या" म्हणायचं.

खरा बिघाड असतो स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या अंदाजात. परदेशी चेहरा दिसला की ती मिरच्या कमी करते, साखर जरा वाढवते आणि आंबवलेली मासळी वगळते. आधीच्या एखाद्या परदेशी गिऱ्हाइकाने डोळ्यांत पाणी येऊन भरलं ताट सोडलेलं तिने पाहिलेलं असतं. यात फसवणूक नाही, काळजी आहे. त्यामुळे दुरुस्तीचे रस्ते दोनच: जिथे तिच्या अंदाजाला वावच नाही असं जेवण घ्यायचं, किंवा तिचा अंदाज बदलेल असं काहीतरी नेमकं सांगायचं. पहिला रस्ता सोपा आहे, म्हणून तिथून सुरुवात करू.

तपासणी १: दुकान बदला

याला पैसा लागत नाही, थोडं चालावं लागतं. दारात चार भाषांमधला फोटोंचा मेनू आणि "या, या" करणारा माणूस असेल तर पुढे चला. तिथलं स्वयंपाकघरच आपल्यासारख्यांसाठी लावलेलं असतं. तिथे कितीही थाई बोललात तरी चवीत फारसा फरक पडणार नाही.

शोधायचं ते कमी पदार्थ करणारं दुकान. काचेच्या कपाटात उकडलेल्या कोंबड्या टांगलेल्या असतील तर तिथे "खाव मन काय" मिळतो, म्हणजे कोंबडीच्या रश्शात आणि चरबीत शिजवलेला भात, वर कोंबडीचे काप, सोबत आलं-मिरचीची चटणी. मोठ्या पातेल्यात डुकराचे पाय मंद आचेवर शिजत असतील तर "खाव खा मू". बाहेर उंच खलबत्ता, कच्च्या पपईचा ढीग आणि शेगडीवर अख्ख्या कोंबड्या दिसल्या तर ते ईसानचं, म्हणजे ईशान्य थायलंडचं, जेवण. अशा ठिकाणी चुकीचं मागवायला जागाच नसते. एक बोट दाखवा. "थम्मदा" म्हणजे नेहमीचं, "फिसेत" म्हणजे मोठं.

वेळही बघा. पातेल्यांत मांडून ठेवलेलं भात-कालवण विकणारी दुकानं सकाळीच रांधून मोकळी होतात. दुपारी बाराला ऑफिसवाल्यांची झुंबड उडते आणि दोनपर्यंत भांड्यांचा तळ दिसायला लागतो. आपले लोक सकाळी हॉटेलच्या नाश्त्यावर ताव मारतात, दुपारी मंदिरं बघतात आणि रात्री आठला भुकेले होऊन पर्यटकांच्या गल्लीत शिरतात. निम्मा बिघाड तिथेच होतो. दिवसातलं मुख्य जेवण दुपारी साडेअकराला घ्या.

तपासणी २: मांडलेल्यातून निवडा

ही दुरुस्ती मला सगळ्यात खात्रीची वाटते. वर सांगितलेल्या भात-कालवणाच्या दुकानाला "खाव-कॅंग" म्हणतात. स्टीलचे ट्रे किंवा पातेली ओळीने मांडलेली असतात. बाई ताटात भात वाढते, तुम्ही एक किंवा दोन कालवणं दाखवता आणि ती भातावर वाढते. दोन हवी असतील तर "सोंग यांग". साध्या वस्तीत साधारण ४० ते ६० बातमध्ये (बात म्हणजे थाई चलन) जेवण होतं, शहराच्या मध्यात थोडं जास्त.

खात्रीची म्हणण्याचं कारण असं: हे जेवण तुम्ही यायच्या आधीच, गल्लीतल्या थाई लोकांसाठी शिजलेलं असतं. तुमचा चेहरा बघून त्यातली मिरची आता कमी होऊ शकत नाही. खरी थाई चव कशी असते हे ठरवायला हे माप धरा आणि मग बाकीच्या दुकानांत जा.

ट्रेमध्ये काय दिसेल? छोट्या गोल हिरव्या वांग्यांचं हिरवं कालवण. पातळ, आंबट, केशरी "कॅंग सोम", त्यात बहुतेक वेळा मासा. अंडी आणि डुकराचं मांस घातलेला गडद, गोडसर "खाय फालो", जो लहान मुलांनाही चालतो. अंडं घालून परतलेलं कारलं. आणि जवळपास नेहमीच काहीतरी पालेभाजी. दक्षिणेकडच्या लोकांचं दुकान असेल तर पिवळसर सुका खिमा दिसेल, "खुआ क्लिंग". तो घेताना सोबत काकडी आणि भात जास्त मागा, कारण तो खरोखर जाळतो.

तपासणी ३: शेजारच्या टेबलावरचं मागवा

ऑर्डरनुसार करून देणाऱ्या दुकानात पातेली नसतात. तिथे आजूबाजूला बघा, कुणाच्या तरी पुढ्यात हवंसं काही दिसेल. माणसाकडे बोट दाखवणं इथे उद्धटपणाचं समजतात, म्हणून तळहात उघडा ठेवून ताटाकडे करा आणि म्हणा, "आव बॅप नन". म्हणजे "तसंच हवं". वाक्याच्या शेवटी पुरुषांनी "ख्रप" आणि बायकांनी "ख" जोडायचं. वाढणारी व्यक्ती तुमच्याहून थोडी मोठी असेल तर "फी", लहान असेल तर "नोंग", आईच्या वयाची असेल तर "पा" अशी हाक मारा. आपल्याकडे खानावळीत काकू, मावशी म्हणतोच की आपण.

"तसंच" या शब्दाने दोन कामं होतात. पदार्थ कळतो, आणि थाई माणसासाठी केलं तसंच करा हेही पोचतं.

तपासणी ४: तिखटाचं माप आकड्यात सांगा

"तिखट" म्हणजे "फेत". पण नुसतं "फेत" सांगून काही होत नाही, कारण परदेशी माणसाचं तिखट किती हे पुन्हा तिच्याच अंदाजावर राहतं. आकडा मात्र ती बदलत नाही.

"सोम तम", म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, घेताना हे नीट दिसतं. बाई खलबत्त्यात लसूण टाकते, हातात लवंगीच्या वळणाच्या छोट्या मिरच्या घेते आणि तुमच्याकडे बघते. ती विचारत असते, किती? "साम मेत" म्हटलं की तीन मिरच्या पडतात. "नुंग मेत" म्हटलं की एकच. मग चवळीच्या शेंगा, टोमॅटो, ताडगूळ, लिंबू, माशाचं पाणी (म्हणजे फिश सॉस) आणि शेवटी पपईचा कीस. एका हाताने मुसळ, दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालून वर ढवळणं, दोन्ही एकाच लयीत. काही बायका शेवटी चमचाभर पुढे करून चाखायला देतात. तेव्हा "माय वान" म्हणजे "गोड नको" सांगता येतं, किंवा अजून एक मिरची मागता येते. काही नको असेल तर "अरोय" म्हणा, म्हणजे छान.

कोल्हापूर-नागपूरच्या मंडळींना इथे आवर्जून सांगावं लागतं. आपलं तिखट बरंचसं सुक्या मिरचीचं, तेलात परतलेलं असतं. इथली मिरची कच्ची, लिंबाच्या रसात ठेचलेली असते आणि ती पहिल्याच घासाला लागते. पहिल्या दिवशी दोन मिरच्या पुरेत. कमी तिखट मागण्यात कमीपणा नाही, थाई लोकही "फेत नित नोय", थोडंच तिखट, असं सर्रास मागतात.

सोम तमचे प्रकारही वेगळे ओळखा. "सोम तम थाय" मध्ये शेंगदाणे आणि सोडे असतात. "सोम तम पू प्ला रा" मध्ये खारवलेले छोटे खेकडे आणि आंबवलेल्या गोड्या मासळीचं गढूळ पाणी असतं. ईसानच्या माणसाला दुसराच खरा वाटतो. सुरुवात पहिल्याने करा.

तपासणी ५: टेबलावरच्या बरण्या

नूडल्सच्या दुकानात "मिळमिळीत आलं" ही तक्रार बहुतेक वेळा बिघाड नसतोच. वाडगा मुद्दाम सौम्य येतो आणि शेवटची चव खाणाऱ्याने लावायची असते. त्यासाठी टेबलावर चार गोष्टी असतात: भाजक्या मिरचीची पूड, साखर, मिरच्या घातलेला व्हिनेगर आणि माशाचं पाणी. आधी रस्सा चाखा, मग अर्धा-अर्धा चमचा घाला. नूडल्समध्ये साखर बघून आपले लोक दचकतात, पण चिमूटभर घालून बघा, आंबट आणि तिखट दोन्ही जागेवर बसतात.

नूडल्स निवडायला काचेतल्या ढिगाकडे हात करा. "नाम" म्हणजे रश्शासकट, "हॅंग" म्हणजे कोरडे. एक सावधगिरी. नूडल्सच्या दुकानात "नाम तोक" म्हटलं की रश्शात डुकराचं किंवा बैलाचं रक्त घालतात. ईसानच्या दुकानात त्याच नावाने भाजलेल्या मांसाची कोशिंबीर येते. दुकान बघून नाव घ्या.

तपासणी ६: नाव तुकड्यांनी जुळवा

इथून पुढे थोडी मेहनत आहे. थाई पदार्थांची खूपशी नावं "कृती अधिक जिन्नस" अशी असतात. फत म्हणजे परतलेलं, थोत तळलेलं, तोम उकळलेलं, यांग भाजलेलं, नुंग वाफवलेलं, यम कोशिंबीर, कॅंग कालवण. पुढे मू म्हणजे डुक्कर, काय कोंबडी, कुंग कोळंबी, प्ला मासा, खाय अंडं, फक भाजी, तावहू टोफू. एवढ्यावर ऑर्डरनुसार करणाऱ्या दुकानात पोटभर जेवता येतं.

मराठी माणसाची इथे मोठी सोय आहे. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं थाई वाचून युरोपातले लोक अडखळतात, कारण त्यांच्या कानाला क आणि ख, त आणि थ वेगळे लागत नाहीत. आपल्याला लागतात. "काय" म्हटलं तर कोंबडी आणि "खाय" म्हटलं तर अंडं, हा फरक आपण सहज करतो. म्हणून ऐकलेलं नाव लगेच देवनागरीत लिहून ठेवा. "फ" मात्र ओठ मिटून, "फुलपाखरू" मधला म्हणायचा, "फॅन" मधला नाही. उरतात ते सूर. थाईमध्ये पाच सूर आहेत आणि ते चुकले की शब्द बदलतो. त्यावर उपाय म्हणजे एकटा शब्द कधी बोलू नका. "खाव" एकटं म्हटलं तर गोंधळ होऊ शकतो, "खाव फत कुंग" म्हटलं तर संदर्भाने कळतं.

सरावासाठी एकच पदार्थ निवडायचा तर "फत कफ्राव मू सप खाय दाव" निवडा. डुकराचा खिमा, लसूण, मिरची आणि कफ्राव, वर तळलेलं अंडं. डुक्कर नको असेल तर मूच्या जागी काय. कफ्राव म्हणजे आपल्या अंगणातल्या तुळशीचीच जात, त्यामुळे त्याचा वास आपल्याला अनोळखी नाही. दुकान पारखायलाही हाच पदार्थ उपयोगी पडतो. पर्यटकांसाठी केलेल्यात कांदा, बेबी कॉर्न, सिमला मिरची आणि बडीशेपेच्या अंगाने जाणारी गोडसर तुळस येते. नीट केलेल्यात या भाज्यांची गर्दी नसते, आणि मिरची-लसूण कढईत पडताच सगळं दुकान खोकायला लागतं. तो खोकला ऐकू आला की निर्धास्त बसा.

तपासणी ७: लेखी थाई आणि फोन

फोनचा कॅमेरा शेवटी ठेवला आहे कारण तो दिसतो तितका भरवशाचा नाही. थाईत शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाहीत, हाताने लिहिलेल्या फळ्यावरची अक्षरं ओळखता येत नाहीत, आणि ओळखली तरी नावाचा शब्दशः अर्थ निघतो. रडणारा वाघ म्हणजे भाजलेलं गोमांस आणि जावयाची अंडी म्हणजे तळून चिंचेच्या गोड-आंबट पाकात घातलेली उकडलेली अंडी, हे भाषांतरातून कसं कळणार?

म्हणून उलट दिशेने काम करा. आवडलेल्या पदार्थाचं नाव दुकानदाराकडून किंवा हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या माणसाकडून थाई लिपीत लिहून घ्या आणि शेजारी पदार्थाचा फोटो ठेवा. पुढच्या दुकानात ते दाखवा. लिहिलेलं थाई नाव बघितलं की बाईला कळतं, याने हे आधी खाल्लेलं आहे. मिरची आपोआप वाढते.

समुद्रातलं मागवताना लेखी किंमत नीट बघा. मासे, खेकडे, कोळंबी यांचा भाव बऱ्याचदा "खीत" वर असतो, म्हणजे १०० ग्रॅमला. फळ्यावर स्वस्त दिसलेला मासा किलोभराचा निघतो आणि बिल बघून भांडणं होतात. आधी वजन करायला लावा, मग "थाव राय" म्हणून एकूण किंमत विचारा.

शाकाहारी असाल तर

इथे वरचा क्रम बदलतो, कारण मांडलेल्यातून निवडणं तुमच्या कामाचं नाही. कालवणाच्या वाटणातच कपी, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा गोळा, असतो. तो नंतर काढता येत नाही. नुसत्या परतलेल्या भाजीत माशाचं पाणी आणि ऑयस्टर सॉस असतात.

"मांस नको" का चालत नाही? मेनूत "नुआ" म्हणजे गोमांस. "नुआ नको" म्हटलं की बाई प्रामाणिकपणे कोंबडी घालते.

"चे" हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं, लांबून इंग्रजीतल्या सतरा आकड्यासारखी दिसणारी. ती खूण असेल तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. ताटात मांसासारखे तुकडे दिसले तर ते सोयाचे किंवा गव्हाच्या ग्लूटेनचे असतात. बटाटा, गाजर, मुळा मात्र असतात, त्यामुळे जैन मंडळींनी भाजी बघून घ्यावी. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नऊ दिवस "चे" जेवणाचा उत्सव असतो. फुकेतमध्ये तो सगळ्यात मोठा, बँकॉकच्या यावरात या चिनी वस्तीतही गल्लीभर पिवळ्या पताका लागतात. घरातली शाकाहारी मंडळी आणायची तर मी याच दिवसांत बोलावतो.

एरवी "चे"चं दुकान सापडलं नाही तर ऑर्डरनुसार करणाऱ्या दुकानात टोफू किंवा भाजी परतून घ्या आणि सांगा, "किन चे, माय साय नाम प्ला, माय साय नाम मन होय". म्हणजे माशाचं पाणी नको, ऑयस्टर सॉस नको. "मंगसविरत" या शब्दाचा अर्थही शाकाहारी, पण त्यात अंडं चालतं असं समजतात. कढई मात्र तीच असते. ते चालणार नसेल तर "चे"च्या दुकानाशिवाय पर्याय नाही.

इथे थांबा

काही गोष्टी खाणाखुणांनी सोडवायच्या नसतात.

शेंगदाणा किंवा कवचाच्या मासळीची गंभीर ॲलर्जी असेल तर वरच्या एकाही युक्तीवर विसंबू नका. शेंगदाणे सोम तम, पाद थाई, मस्समन कालवण अशा कितीतरी ठिकाणी असतात. खलबत्ता आणि कढई प्रत्येक ऑर्डरनंतर धुतली जात नाही. थाई उत्तम जाणणाऱ्या माणसाकडून ॲलर्जीचं कार्ड लिहून घ्या, निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला, औषध खिशात ठेवा, आणि जिथे स्वयंपाकघराशी नीट बोलता येतं अशाच ठिकाणी जेवा.

कच्चं खाऊ नका. ईसानमध्ये गोड्या पाण्यातला कच्चा मासा "कोय प्ला" म्हणून खातात. त्यातून यकृतात शिरणारा चपटकृमी होतो आणि तिथल्या पित्तनलिकेच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. लिंबाच्या रसाने तो मरत नाही. "लाप", म्हणजे खिम्याची कोशिंबीर, मागवतानाही "सुक" म्हणजे शिजवलेला असं सांगा, "दिप" म्हणजे कच्चा. मिळतो आहे म्हणून अस्सलपणासाठी हे करू नका.

वरच्या सगळ्या तपासण्या करूनही जेवण मनासारखं मिळत नसेल आणि हातात दोनच दिवस असतील, तर अर्ध्या दिवसासाठी खाण्यापिण्याची माहिती असलेला स्थानिक गाइड घ्या, किंवा बाजारफेरीपासून सुरू होणारा स्वयंपाकाचा वर्ग करा. चियांग मायमध्ये असे वर्ग भरपूर आहेत. पहिल्याच दिवशी घ्या, शेवटच्या दिवशी घेऊन उपयोग नाही. त्याच्याकडून तुमच्या आवडीची आणि वर्ज्य गोष्टींची यादी थाईत लिहून घ्या, पुढचे दिवस तीच चालते.

जेवल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर दुकानात वाद घालत बसू नका. वैद्यकीय मदतीचा क्रमांक १६६९, पर्यटक पोलिसांचा ११५५.